मान मोडल्याने ऐकू येते का?
मणक्यांचे उपचार आणि श्रवणदोष : समजुती, शास्त्र आणि धोके

शाहूवाडी : मान अवघडली की तालमीतल्या जाणत्या पैलवानाकडून, हाडवैद्याकडून किंवा केशकर्तनालयात ती मोडून घेण्याची सवय कोल्हापूर जिल्ह्याला नवी नाही. आता त्याला मोबाइलवरील चित्रफितींची जोड मिळाली आहे. मानेला एक झटका, 'कट्' असा आवाज आणि लगेच रुग्णाला ऐकू येऊ लागल्याचा दावा, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. या पद्धतीचे नाव कायरोप्रॅक्टिक. मान आणि कान यांचा संबंध खरोखर किती, हे त्यामुळेच नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

उगमच बहिरेपणातून
या उपचारपद्धतीची जन्मकथाच श्रवणदोषाशी निगडित आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ च्या सप्टेंबरमध्ये हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून बसविला. लिलार्ड यांना १७ वर्षांपासून ऐकू येत नव्हते आणि या उपचाराने त्यांची श्रवणशक्ती परतली, असे पामर यांनी लिहून ठेवले. मात्र घटनेपूर्वी वा नंतर लिलार्ड यांच्या श्रवणशक्तीचे मोजमाप झालेले नव्हते. शिवाय पामर यांच्याच लेखनानुसार तो मणका मानेचा नव्हे, तर पाठीचा होता.

शरीररचना काय सांगते?
ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन सूक्ष्म हाडांमधून अंतर्कर्णात पोहोचतो आणि तेथून श्रवणतंतूमार्फत मेंदूत जातो. हा तंतू कवटीच्या आतच राहतो. मानेच्या मणक्यांमधून तो जात नाही. त्यामुळे मणका सरकल्याने श्रवणतंतू दबला व झटक्याने तो मोकळा झाला, या स्पष्टीकरणाला शरीरशास्त्राचा आधार मिळत नाही. झटक्याच्या वेळी येणारा आवाज हा सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

तरीही मानेचा कानाशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. मानेच्या वरच्या भागातील संवेदना मेंदूत श्रवणकेंद्राच्या एका भागाशी जोडलेल्या असतात. काही रुग्णांच्या कानात सतत गुंजारव होतो आणि मान वळविली किंवा जबडा आवळला की तो कमी-जास्त होतो. अशा निवडक रुग्णांना मानेचे व्यायाम व फिजिओथेरपीने आराम मिळू शकतो. मात्र हा लाभ कानातील आवाजाच्या तक्रारीपुरता आहे. गेलेली श्रवणशक्ती मणक्यांच्या उपचाराने परत येते, हे विश्वासार्ह चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

धोका कोठे आहे?
मेंदूच्या मागील भागास व अंतर्कर्णास रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर जातात. अचानक झटक्याने त्यांचे अस्तर फाटून गुठळी झाल्यास पक्षाघात होऊ शकतो. असे प्रसंग विरळ असले तरी गंभीर असतात. केशकर्तनालयात मान मोडून घेतल्यानंतर श्वासपटलाचा तंतू निकामी झाल्याचे प्रकरण २०१७ मध्ये दिल्ली परिसरात उघडकीस आले होते. मानेला झटका दिल्यानंतर तीव्र मानदुखी, चक्कर, दुहेरी दिसणे, बोबडी वळणे वा तोल जाणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका वेळ दवडण्याचा. एका कानाचे ऐकणे अचानक, तीन दिवसांच्या आत कमी झाले तर ती तातडीची वैद्यकीय स्थिती मानली जाते. यावरील स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. काही रुग्णांची श्रवणशक्ती आपोआपही परतते. नेमके त्याच काळात कोणी मान मोडून दिली तर श्रेय त्या झटक्याला जाते. ज्यांना गुण आला नाही, त्यांची मात्र उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

कारणे बहुधा साधी
ऐकू कमी येण्यामागे कानातील मळ, पडद्याला छिद्र, कान फुटणे, वाढते वय आणि मोठा आवाज ही नेहमीची कारणे असतात. आंबा घाट उतरताना कानात दडे बसतात, ते हवेच्या दाबातील फरकामुळे; जांभई दिल्याने वा आवंढा गिळल्याने ते सुटतात. मिरवणुकीतील डॉल्बीने अंतर्कर्णातील पेशी मेल्या, तर त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे.

तपासणी कोठे?
प्रथम तालुक्यातील शासकीय दवाखान्यात कान तपासून घ्यावा. पुढील श्रवणचाचणीसाठी कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा, अर्थात 'सीपीआर'चा कान-नाक-घसा विभाग आहे. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ पासून राबविला जात आहे, तर केंद्राच्या 'एडिप' योजनेतून पात्र व्यक्तींना श्रवणयंत्रे मिळतात.

हे लक्षात ठेवा
- भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. उपचार करणाऱ्याचे शिक्षण व नोंदणी अवश्य विचारावी.
- श्रवणचाचणी झाल्याशिवाय बहिरेपणावर कोणताही उपचार घेऊ नये.
- मानदुखीसह ऐकू कमी येत असल्यास दोन्हींची तपासणी स्वतंत्रपणे करावी.
- वृद्ध, रक्तदाबाचे रुग्ण, हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्ती आणि लहान मुले यांच्या मानेला झटका देऊ नये.
- कानात कढत तेल, काडी वा पिन घालू नये.