तसबीर

बंगळुरूच्या कुमारकृपा रस्त्यावर जानेवारीत चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार भरतो, तिथे बसल्या बैठकीला चेहरे काढून देणारे चित्रकार असतात. आपली मराठी मंडळी अशा चित्राला ‘पोर्ट्रेट’ म्हणतात. मला ‘तसबीर’ म्हणायला आवडतं.

शब्द मूळचा अरबी. ‘सूरत’ म्हणजे रूप. त्याच धातूतून ‘तस्वीर’ आणि ती काढणारा ‘मुसव्विर’. फारसीच्या वाटेने तस्वीर आपल्याकडे आली, मराठीने तिच्या ‘व’चा ‘ब’ केला. मुसव्विर मात्र रुजला नाही. आपला चितारी होता, कन्नडमध्ये चित्रगार. पण तसबिरी उरल्या नि चितारी हरवले. गोवळकोंडा शैलीतले शिवाजी महाराज घ्या, तंजावरचे भोसले राजे घ्या किंवा म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार. यांच्या कितीतरी चित्रांवर सहीच नाही. पागोट्यावरची मोत्यांची लड मोजून काढणारा हात कुणाचा, हे दरबाराला नोंदवावंसं वाटलं नाही!

पुढे छापखाने आले. १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला, छापील देव घरोघरी पोचले आणि काच-चौकटीतलं कुठलंही चित्र तसबीर झालं. आता देव आणि दिवंगत एवढ्यांनाच ती लाभते. हयात माणसाचा फोटो असतो, फारतर डीपी. त्याची ‘तसबीर लावली’ म्हणाल, तर घरचे रागावतील.