तीन जानेवारीची कुळकथा

तीन जानेवारीला पुण्यातल्या बऱ्याच शाळांत एखादी चिमुरडी नऊवारी नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून उभी राहते आणि ‘मी सावित्री बोलतेय’ म्हणत भाषणाला सुरुवात करते. तिकडे सातारा जिल्ह्यातल्या नायगावात मंत्री आणि अधिकारी येतात, गावोगावच्या बायका गाड्या करून पोहोचतात. शासनाने सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिन ‘बालिका दिन’ म्हणून साजरा करायला सुरुवात केली ती १९९५ पासून. तोवर त्यांना जाऊन जवळजवळ शंभर वर्षं लोटली होती.

मधल्या काळात त्यांची आठवण सत्यशोधक घराण्यांनी आणि चळवळीतल्या माणसांनी जपली. बाकीच्यांसाठी त्या बहुधा ‘महात्मा फुल्यांच्या पत्नी’ एवढ्याच होत्या. चित्र पालटलं ते १९८०च्या दशकात. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय १९८८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलं. त्यांच्या कविता आणि पती जोतीरावांना लिहिलेली पत्रं एका पुस्तकात मिळू लागली. पुढच्याच वर्षी सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग सुरू केला आणि सावित्रीबाई रंगमंचावरून स्वतःच्या तोंडाने बोलू लागल्या. १९९० मध्ये जोतीरावांच्या स्मृतीला शंभर वर्षं झाली, तेव्हा फुले दांपत्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. सरकारी दिवसाची जमीन अशी पुस्तकाने, रंगमंचाने आणि चळवळीने आधीच नांगरून ठेवली होती.

या दिवसाचं खरं मूळ मात्र पुण्याच्या बुधवार पेठेत आहे. १८४८ मध्ये तिथल्या भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या तेव्हा वय अवघं सतरा. पुढच्या तीन-चार वर्षांत बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात, रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत शाळा उघडल्या. १८५३ मध्ये पूना कॉलेजच्या आवारात या शाळांची जाहीर परीक्षा झाली. दोनशेहून अधिक मुली परीक्षेला बसल्या आणि ती पाहायला हजारो लोक लोटले. मुली काय शिकल्या, याचा हिशेब फुल्यांनी भर गावासमोर मांडला. मुलींनी शिकू नये म्हणणाऱ्या शहराला यापेक्षा सडेतोड उत्तर दुसरं नव्हतं.

शाळेपुरतंच त्यांचं काम नव्हतं. १८७७च्या दुष्काळात त्या जुन्नरकडे लोकांच्या मदतीला गेल्या होत्या. तिथल्या हालअपेष्टा ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात वाचायला मिळतात. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाईच. त्यानंतर सत्यशोधक समाजाचं नेतृत्व त्यांनी केलं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचल्या. त्यातून त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

सन्मान पुढेही वाढत गेले. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. २०२१ पासून तीन जानेवारी ‘महिला शिक्षण दिन’ म्हणूनही साजरा होऊ लागला.

पण याच काळात भिडे वाडा पडायला आला होता. दगडूशेठ गणपतीसमोरच्या या वाड्याच्या पुढ्यातून रोज हजारो माणसं जात आणि आत काय घडलं होतं, हे कित्येकांना ठाऊक नसे. स्मारकासाठी जागा ताब्यात घेण्याचा वाद दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात अडकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल महापालिकेच्या बाजूने दिला आणि डिसेंबरमध्ये, पोलिस बंदोबस्तात, मोडकळीला आलेला वाडा उतरवला गेला. जन्मदिन शासनाच्या यादीत आला तेव्हापासून शाळेची जागा मोकळी होईपर्यंत अठ्ठावीस वर्षं गेली.

म्हणून या दिवसाकडून हाराफुलांपलीकडे काही मागायला हवं. मागणी नवी नाही, फुल्यांच्या जाहीर परीक्षेतच ती आहे. तीन जानेवारीला प्रत्येक शाळेने आणि महापालिकेने गावासमोर हिशेब मांडावा: वर्षभरात किती मुली शाळेतून गळाल्या, कोणत्या इयत्तेत गळाल्या, आणि कशामुळे. लग्नामुळे, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांसोबत गेल्यामुळे, शाळा दूर असल्यामुळे, की स्वच्छतागृह नसल्यामुळे? कारण कळलं की पुढच्या जानेवारीपर्यंत कोणी काय करायचं, हेही त्याच सभेत ठरवता येईल. भाषण करणाऱ्या त्या चिमुरडीच्या वर्गातली एखादी जागा रिकामी असेल, तर तिच्याबद्दल विचारायचा हक्काचा दिवस हाच आहे.