दिनविशेष : ७ जानेवारी
७ जानेवारी १७४५ रोजी डेन्मार्कमधील टोंडर येथे योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस यांचा जन्म झाला. लिनियसच्या या शिष्याने मुखावयवांवरून कीटकांची वर्गवारी केली, सुमारे दहा हजार जातींना नावे दिली. साठवणीचा गहू-तांदूळ पोखरून त्याचे पीठ करणाऱ्या, नारपोली-भिवंडीच्या गोदामवाल्यांनी ओळखायलाच हव्या अशा लहान भुंगेऱ्याचे ‘डोमिनिका’ हे नाव त्यांचेच, १७९२चे. उसाच्या मुळ्या कुरतडणाऱ्या हुमणीचे ‘सेराटा’ हेही त्यांचे, १७८१चे. हुमणीच्या जाती अनेक, प्रत्येकीचा जीवनक्रम निराळा. जात नेमकी कळली तरच उपाय वेळेवर होतो. सेराटाचे भुंगेरे वळवाच्या सरींनंतर तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करायचे. पुढे अळ्या मुळांशी पोहोचलेल्या असतात.