१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

बुद्धिबळाच्या पटावरची दाणेसंख्या. २ च्या ६४ व्या घातातून १ वजा केला की येणारी वीस अंकी विषम संख्या. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट, असे चौसष्ट घरांतले सगळे दाणे मोजले की हीच बेरीज येते. अल्-बिरुनीने इसवी सन १००० च्या सुमारास ती अंक न् अंक बरोबर दिली होती. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर हा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन भरतो. जगाच्या सध्याच्या पिकाच्या मानाने नऊशेहून अधिक वर्षांचा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे परार्धाशी, म्हणजे अठराव्या स्थानाशी थांबतात, त्यामुळे त्या मापाने ही संख्या ‘१८४ परार्धांहून थोडी अधिक’ अशीच सांगावी लागते.

दाण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण खरी गंमत संख्येच्या पोटात आहे. तिचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकही अवयव दोनदा येत नाही, म्हणून तिचे विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८. यांतले ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे फर्माचे अंक, म्हणजे २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवून येणारे. त्यांच्या पुढचा, २ चा ३२ वा घात अधिक १, हाही मूळच असणार असे फर्माला वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलरने त्याला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. पडताळा कागदाच्या कोपऱ्यावर मावतो. ५ × १२८ = ६४०, म्हणून त्याला ६४१ ने भागल्यास बाकी −१. दोहोंचा चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. आता ६२५ + १६ = ६४१; तेव्हा ६२५ च्या जागी −१६ चालतो. १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

याच ६४१ ने भूमितीतही घोटाळा केला आहे. पहिल्या पाच फर्मा अंकांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५. इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी आणि कंपास घेऊन तत्त्वतः काढता येते. प्रस्तुत संख्येइतक्या बाजूंची मात्र नाही, कारण तिच्या अवयवांतला ६४१ हा फर्माचा अंक नाही.

एडुआर ल्युकाच्या १८८३ मधील ‘हनोईचा मनोरा’ या कोड्यात ६४ चकत्या हलवायला किमान इतक्याच खेळ्या लागतात. दर सेकंदाला एक खेळी केली तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षे. त्याला जोडलेली काशीच्या मंदिराची कथा रचलेली आहे. तेथे हे मंदिर शोधण्यात अर्थ नाही.

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने चौसष्ट एक्के. म्हणून ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकाची ती कमाल मर्यादा. अशा पूर्णांकाच्या शून्यातून १ वजा केला तर उत्तर −१ येत नाही, नेमकी हीच संख्या येते. प्रोग्रॅममध्ये ती अचानक दिसली, तर चूक बहुधा त्या वजाबाकीत असते.