बायंगिणीचा झरा : ‘सोनेरी गोव्या’ची तहान कोणी भागवली?

१/ ‘ज्याने गोवा पाहिले, त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही’, अशा आशयाची एक म्हण पोर्तुगीजांत रूढ होती. १५१० मध्ये आल्बुकर्कने जिंकलेले मांडवीकाठचे हे शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले. उंच चर्च, मोठे रुग्णालय आणि गजबजलेला बाजार असलेल्या या नगरीत उणीव होती ती पिण्याजोग्या पाण्याची.

२/ यान हायगेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा सचिव म्हणून येथे आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा ‘इतिनेरारिओ’ हा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यापारी मार्गांच्या माहितीसाठी गाजलेल्या या ग्रंथात शहराच्या पाण्याचीही नोंद आहे.

३/ लिन्सखोटेन सांगतो : शहरात गोडे पाणी फारच थोडे. शहराबाहेर थोड्या अंतरावर ‘बंगानीन’ नावाचा एकच झरा असून सर्व नगरी त्याचे पाणी पिते. हे नाव म्हणजे जुन्या गोव्यालगतचे बायंगिणी. स्वयंपाक, धुणे आणि इतर वापरासाठी घरोघरी विहिरी होत्या. पिण्यासाठी मात्र झऱ्याचेच पाणी उत्तम मानले जाई.

४/ असे झरे गोव्याच्या भूरचनेतच आहेत. येथील टेकड्यांवर सच्छिद्र जांभा खडक आहे. पावसाळ्यात तो पाणी शोषून घेतो. खाली मुरणारे पाणी चिकणमातीच्या थरापाशी अडते आणि उतार धरून टेकडीच्या पायथ्याशी बाहेर पडते. गोमंतकीय बोलीत त्याला ‘झर’ म्हणतात.

५/ पण झरा शहराबाहेर आणि तहान शहरात. मधली वाट कोणी चालायची? लिन्सखोटेनचे उत्तर स्पष्ट आहे : गुलामांनी. ते मडकी भरून आणत आणि रस्तोरस्ती पाणी विकत. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात असलेला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार यानेही बायंगिणीच्या पाण्याची आणि ते विकणाऱ्या गुलामांची नोंद केली आहे.

६/ पाणी विकून मिळालेला पैसा गुलामांच्या हाती राहत नसे. काही पोर्तुगीज गृहस्थांकडे बारा, वीस, तीसपर्यंत गुलाम असत आणि त्यांच्या कमाईवरच ते संसार चालवत, असे लिन्सखोटेन लिहितो. पुरुष पाणी विकत. स्त्रिया मिठाई बनवत. मोझांबिकपासून बंगालपर्यंतच्या प्रदेशांतून ही माणसे विकत आणली जात. झरा निसर्गाने फुकट दिलेला होता. मालक कमाई करत होता ती माणसाच्या श्रमाची.

७/ विकत पाणी घेणे ज्यांना परवडत नसे किंवा ज्यांच्याकडे आणायला माणसे नसत, त्यांना विहिरीचाच आधार. तोच जांभा येथे घातक ठरला. दाट वस्तीतील मैला आणि सांडपाणी सच्छिद्र खडकातून विहिरींपर्यंत झिरपत असे. शहराच्या ऱ्हासाची जी कारणे इतिहासकार देतात, त्यांत दूषित विहिरींचा उल्लेख वारंवार येतो.

८/ १५४३ मध्ये गोव्यात पटकीसारख्या रोगाची भयंकर साथ आली. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले. पोर्तुगीज त्याला ‘मोर्देशी’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘मोडशी’चाच अपभ्रंश. रोगाचे नाव इथल्या लोकांकडून घेतले गेले. त्याचा पाण्याशी असलेला संबंध मात्र सिद्ध होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

९/ साथी येत राहिल्या आणि वस्ती ओसरत गेली. १६९५ च्या सुमारास व्हाइसरॉयने आपले निवासस्थान जवळच्या पणेली येथे हलवले. १७५९ मध्ये ते पणजीच्या आदिलशाही वाड्यात आले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. ‘सोनेरी गोवा’ ओस पडले. या ऱ्हासामागे डच नाकेबंदी आणि व्यापाराची घसरण हीही कारणे होती. तरी रोगराईचा वाटा मोठा होता.

१०/ नव्या राजधानीलाही झऱ्यांचाच आधार होता. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, मळा भागात ‘फोन्त फेनिक्स’ हा झरा आहे. त्याच्या शेजारची वस्ती ‘फोंताईन्हास’, म्हणजे ‘छोटे झरे’, या नावाने ओळखली जाते. ‘बोक द व्हाक’ हा पणजीतील दुसरा प्रसिद्ध झरा. त्या नावाचा अर्थ गायमुख. विसाव्या शतकाच्या मध्यास ओपा येथून नळाचे पाणी आले आणि झऱ्यावरची रोजची फेरी हळूहळू थांबली.

११/ आज जुन्या गोव्यात येणारा पर्यटक बॉम जेजस आणि से कॅथेड्रल पाहून परततो. व्हाइसरॉयांची नावे कमानींवर आणि ग्रंथांत टिकून आहेत. बायंगिणीहून रोज मडकी वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव लिन्सखोटेनने लिहून ठेवलेले नाही. त्याने लिहिले ते एवढेच, की संपूर्ण शहर त्यांनी आणलेले पाणी पीत होते.