बारीक पिन आहे का?

२०११ सालच्या पावसाळ्यात मिरजेतल्या एका दवाखान्याच्या जनरल वॉर्डात मी खाटेखाटेपाशी जाऊन एकच प्रश्न विचारत होते. “काका, बारीक पिन आहे का?” मी तेव्हा आठवीत होते. आजोबा ॲडमिट होते, बाबा त्यांच्या उशाशी बसले होते आणि बाबांच्या फोनची बॅटरी संपली होती. वॉर्डात चार्जर पुष्कळ होते. कोणाकडे जाड पिन, कोणाकडे चपटी, कोणाकडे रुंद. एका मावशींनी तर पिशवीतून तीन वेगवेगळे चार्जर काढून खाटेवर मांडले. एकही बसला नाही. रस्त्यापलीकडच्या मोबाईल शॉपीत दहा पिनांची वायर असायची, पण शॉपी नऊलाच बंद झाली होती.

अकराच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. घरात मिळून तो एकच फोन होता. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी स्वतःचा फोन पुढे केला, पण पुण्याच्या आत्याचा नंबर आईबाबांना पाठ नव्हता. तो त्या बंद फोनच्या मेमरीत होता. तिकडे आत्या रात्रभर आम्हाला फोन लावत होती. शेवटी तिने सकाळची पहिली एसटी धरली. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. तिने कधीच कोणाला दोष दिला नाही. विषय निघाला की एवढंच म्हणते, “फोन लागला असता तर रात्रीच निघाले असते गं.”

असं असूनही दहा वर्षांनी ‘सगळ्यांना एकच चार्जर’ या कायद्याची बातमी आली, तेव्हा मी कायद्याच्या विरोधात होते.

जेवणाच्या टेबलावरचा वाद

२३ सप्टेंबर २०२१. युरोपीय आयोगाने प्रस्ताव मांडला की युरोपात विकले जाणारे फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर या सगळ्यांना चार्जिंगसाठी यूएसबी टाइप-सी हेच तोंड असलं पाहिजे. नोकरीला लागून मला दोनेक वर्षं झाली होती. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले. एक म्हणत होता, बरं झालं, कंपन्यांची जिरली. दुसऱ्या तटात मी. माझं म्हणणं असं होतं की स्पेक इंजिनिअरांनी लिहावा, सरकारने नाही. आज सी चांगलं आहे, उद्या त्याहून चांगलं काही निघालं तर? कायद्यात कोरलेलं तोंड बदलायला किती वर्षं लागतील?

या वादात जिंकायचं म्हणून मी मागचा इतिहास वाचायला घेतला. त्या इतिहासानेच माझी बाजू पोखरली.

आधी चीन

सक्तीची कल्पना युरोपची नाही. डिसेंबर २००६ मध्ये चीनच्या माहिती उद्योग मंत्रालयाने मोबाईल चार्जरचं एक मानक जाहीर केलं. त्यातली युक्ती साधी होती. तोवर वायर चार्जरच्या ठोकळ्यालाच जोडलेली असायची, त्यामुळे पिन वेगळी म्हणजे अख्खा चार्जर वेगळा. चीनने फोनच्या तोंडाला हातच लावला नाही. ठोकळ्याला यूएसबीचं चौकोनी भोक असलं पाहिजे, एवढंच सांगितलं. फोन बदलला तर वायर बदला, ठोकळा तोच वापरा. आज आपल्याला ठोकळा आणि वायर या दोन वेगळ्या वस्तू वाटतात, त्यात या मानकाचाही वाटा आहे.

युरोपने आधी सक्ती केली नाही, विनंती केली. तेव्हा तिथे तीसेक प्रकारचे चार्जर चालू होते. जून २००९ मध्ये आयोगाच्या आग्रहावरून दहा मोठ्या कंपन्यांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या, पुढे त्या चौदा झाल्या. नोकिया, सॅमसंग, मोटोरोला होत्या आणि ॲपलही होती. डेटा वापरता येणाऱ्या फोनना मायक्रो-यूएसबी चार्जर चालेल अशी सोय करायचं सगळ्यांनी कबूल केलं.

पण करारात एक पळवाट होती. फोनचं तोंड मायक्रो-यूएसबी नसलं तरी चालेल, वेगळा ॲडॉप्टर उपलब्ध असला की झालं. बहुतेक कंपन्यांनी तोंडच बदललं. ॲपलने ॲडॉप्टरचा रस्ता धरला. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लाइटनिंग आलं. २००३ पासून चाललेलं तीस पिनांचं रुंद तोंड गेलं आणि लोकांनी घेतलेले डॉक, स्पीकर, गाडीतले चार्जर एका दुपारीत जुने झाले. ओरड बरीच झाली, पण ती वायर बदलण्याबद्दल होती. पळवाटीबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

इंजिनिअर म्हणून सांगायचं तर लाइटनिंग उत्तम होतं. उलटंसुलटं कसंही बसायचं, अंधारातही. मायक्रो-यूएसबी तीन वेळा फिरवल्याशिवाय बसायचं नाही आणि वर्षभरात सैल व्हायचं. इथे माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे: २००९ च्या कराराऐवजी तेव्हाच कायदा झाला असता, तर आपण कदाचित अजून मायक्रो-यूएसबीमध्येच अडकलो असतो. टाइप-सीचा स्पेक ऑगस्ट २०१४ मध्ये आला.

तेरा वर्षांची वाट

करार २०१४ पर्यंत वाढवला गेला, मग संपला. त्याच वर्षी युरोपीय संसदेने रेडिओ उपकरणांच्या कायद्यात सामाईक चार्जरसाठी नव्याने प्रयत्न करा असं लिहून ठेवलं. २०१८ मध्ये कंपन्यांनी पुन्हा एक ऐच्छिक मसुदा पुढे केला. आयोगाला तो पुरेसा वाटला नाही.

म्हणजे इंजिनिअरांना वेळ मिळाला होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. “आम्ही आपापसात ठरवतो” म्हणणाऱ्यांनी तीसचे तीन प्रकार केले हेही खरं. पण तीनचा एक काही झाला नाही, कारण जो वेगळा राहतो त्याला त्याचा फायदा असतो. लाइटनिंगची ॲक्सेसरी बनवणाऱ्यांना ॲपलच्या परवाना योजनेतून जावं लागायचं. स्वतःचं कुंपण आपणहून पाडेल अशी कंपनी मला तरी माहीत नाही. माझ्या टेबलावरच्या युक्तिवादात हे कलम नव्हतं.

३० जानेवारी २०२० ला संसदेने ५८२ विरुद्ध ४० मतांनी आयोगाला बजावलं की आता नियम आणा. ॲपलचं उत्तर तयार होतं: सक्तीने नवनिर्मिती गुदमरेल, आणि एक अब्जाहून जास्त लाइटनिंग उपकरणं वापरात असताना तोंड बदललं तर कधी झाला नव्हता एवढा कचरा होईल. कंपनीने एका अर्थसंस्थेकडून अभ्यासही करून घेतला होता. त्यात ग्राहकांचं नुकसान दीड अब्ज युरो आणि पर्यावरणाचा फायदा १.३ कोटी युरो असा हिशेब होता.

२०२१ मध्ये आयोगाने आपला हिशेब मांडला. वर्षाला ४२ कोटी उपकरणांची विक्री. माणशी सरासरी तीन चार्जर, त्यातले नियमित वापरात दोन. न वापरता फेकलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला ११,००० टन. सुट्या चार्जरवर लोकांचे वर्षाला २.४ अब्ज युरो खर्च. मला मात्र त्यातला एक साधा आकडा अडला. हाताशी असलेला चार्जर बसला नाही म्हणून फोन चार्ज करता आला नाही, असं निदान एकदा तरी घडल्याचं ३८ टक्के लोकांनी सांगितलं होतं.

अडतीस टक्के. मला वॉर्डातल्या खाटेवर मांडलेले ते तीन चार्जर दिसले.

लोक काय म्हणाले

लोकांच्या प्रतिक्रिया एका सुरातल्या नव्हत्या. आयफोनवाल्यांतच दोन गट होते. काहींना कपाटातल्या लाइटनिंग वायरींचं काय करायचं याची चिंता. काही इतके कंटाळलेले की २०२१ च्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये रोबोटिक्स शिकणाऱ्या केन पिलोनेल या विद्यार्थ्याने आयफोन एक्स उघडून त्यात स्वतः टाइप-सी बसवलं, आणि त्या एका फोनवर ईबेवर ८६,००१ डॉलरची बोली लागली. कंपनी करत नाही म्हणून एका पोराने केलं, आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

ब्राझीलमध्ये उलटीच तक्रार होती. ऑक्टोबर २०२० पासून ॲपलने पर्यावरणाचं कारण देत आयफोनच्या खोक्यातला चार्जर काढला. ब्राझीलच्या न्याय मंत्रालयाला हे ग्राहकाला अर्धवट वस्तू विकणं वाटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीला सव्वा कोटी रियालच्या आसपास दंड झाला. युरोपचा कायदा मात्र फोन चार्जरशिवाय घेण्याची मुभा ग्राहकाला मिळावी असं म्हणतो. पण ही दोन मतं वाटतात तेवढी विरुद्ध नाहीत. घरातला जुना चार्जर नव्या फोनला चालणार असेल, तरच तो खोक्यातून काढणं रास्त ठरतं.

अमेरिकेत जून २०२२ मध्ये एड मार्की, एलिझाबेथ वॉरन आणि बर्नी सँडर्स या सिनेटरांनी आपल्या वाणिज्य मंत्र्यांना पत्र लिहून युरोपसारखं काही करायला सांगितलं. ब्रिटनने त्या वर्षी तरी आपला तसा विचार नाही असं सांगून टाकलं.

४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपीय संसदेत अंतिम मतदान झालं. ६०२ बाजूने, १३ विरुद्ध. त्याच महिन्यात ॲपलचे ग्रेग जॉस्वियाक एका जाहीर कार्यक्रमात म्हणाले की कायदा पाळावाच लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला, मुदतीच्या वर्षभर आधी आणि फक्त युरोपात नव्हे तर सगळीकडे. २८ डिसेंबर २०२४ ला कायदा लागू झाला, तेव्हा युरोपातल्या ॲपलच्या दुकानांतून लाइटनिंगवाले उरलेले आयफोन काढून घेतले गेले होते. लॅपटॉपसाठी मुदत २८ एप्रिल २०२६ ची.

नवनिर्मितीचं काय झालं? कायद्यात आणखी एक अट आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं: जलद चार्जिंग असेल तर ‘पॉवर डिलिव्हरी’ ही सामाईक पद्धतही चालली पाहिजे. यात फोन आणि चार्जर वायरीतून आधी बोलणी करतात. तू किती व्होल्ट देऊ शकतोस, मला किती हवेत. ठरलं की मगच जास्त वीज सुरू. जुन्या पिनांमध्ये अशी बोलणी नव्हती. ही पद्धत आता २४० वॉटपर्यंत जाते, म्हणजे तोंड तेच राहूनही आतली सुधारणा थांबलेली नाही. शिवाय तंत्र बदललं तर कायद्याचं परिशिष्ट बदलण्याचा अधिकार आयोगाला आहे. हा अधिकार वेळेवर वापरला जाईल का, ही माझी जुनी शंका आजही कायम आहे. तोंड एक झालं म्हणून सगळ्या वायरी एकसारख्या झाल्या असंही नाही. दिसायला जुळ्या असलेल्या दोन सी केबलींपैकी एक लॅपटॉप पळवते आणि दुसरी फोनही रडतखडत चार्ज करते.

पण वादातले सगळेच, मीही त्यात आले, चार्जरकडे आपल्या मालकीची वस्तू म्हणून बघत होतो. माझी वायर, माझा खर्च, माझा कचरा. चार्जर ही अनोळखी माणसाकडे मागायची वस्तूही आहे. गाडीत, लग्नघरात, दवाखान्यात. मानक असतं ते अशा मागण्यासाठी. त्या रात्री वॉर्डात माणुसकी कमी नव्हती. द्यायला प्रत्येकजण तयार होता. देणाऱ्याची पिन आणि घेणाऱ्याचं भोक वेगळं होतं, एवढंच.

आपल्याकडे

भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने कंपन्या, उद्योगसंघटना आणि तज्ज्ञांची बैठक घेतली. नोव्हेंबरमध्ये स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सी यावर एकमत झालं. पुढे भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचं मानकही प्रसिद्ध केलं. साध्या बटणांच्या फोनसाठी मात्र वेगळा चार्जर ठेवता येईल असं ठरलं. स्वस्त फोन महाग होऊ नयेत हा विचार त्यामागे होता, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. दीड हजाराच्या फोनमध्ये दहा रुपयेही मोजून लागतात.

मागच्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून आपला बटणांचा फोन काढला आणि म्हणाली, “चार्जर घरीच राहिला बघ. तुझ्याकडे असेल ना?” माझ्याकडे सात होते. सातही सी. एकही बसला नाही.

ती म्हणाली, “राहू दे गं, उद्या बघू.”

मी राहू दिलं नाही. टेबलाचा खालचा खण उपसला आणि तळातून एक जुनी मायक्रो-यूएसबी वायर निघाली. तीन वेळा फिरवल्यावर ती बसली.