आधी विश्वास, मग पाणी

आमचं घराणं जालन्याचं, म्हणजे पूर्वीच्या निजामाच्या मुलखातलं. तिथल्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होई. माझाही तसाच झाला. लग्नानंतर सिकंदराबादला आले. शेजारच्या तेलुगू बाप्टिस्ट घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही, याचं मला नवल वाटलं. "त्यानं अजून स्वतःहून मागितलेला नाही, अक्का," त्याची आई म्हणाली.

या स्वतःहून मागण्यासाठी माणसांनी जीव दिलेत. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला काही जणांनी मोठेपणी, आपल्या विश्वासावर बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांनी त्यांतल्या फेलिक्स मान्त्झला लिमात नदीत बुडवून मारलं. त्याच वंशावळीतल्या मेनोनाइट ब्रदरन पंथाचे अब्राहम फ्रीझन रशियातून येऊन १८९० मध्ये नलगोंड्यात राहिले. अमेरिकन बाप्टिस्ट सिकंदराबादेत १८७५ पासूनच होते.

मला मात्र सर्वांत मोठा वाटतो तो त्यांच्याच मिशनच्या, ओंगोलच्या जॉन क्लफ यांचा नकार. १८७६–७८ च्या दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेतला आणि हजारोंना मजुरी मिळवून दिली. लोक, त्यांत बहुतेक मादिगा या दलित जातीचे, बाप्तिस्मा मागू लागले. क्लफ देईनात. भाकरीसाठी कोण आलं आणि ख्रिस्तासाठी कोण, यात त्यांना गल्लत नको होती. मदतीचं काम संपलं, वाटायला पैसा उरला नाही, तरी लोक आले. ३ जुलै १८७८ रोजी वेलुंपिल्लीपाशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा उपदेशक, एका वेळी दोघे, आळीपाळीनं पाण्यात उभे होते. आकडा सगळे सांगतात. आधीचा नकार कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इथल्या, सिकंदराबादच्या कित्येक बाप्टिस्ट चर्चमध्ये नदीऐवजी हौद असतो. उमेदवार मंडळीपुढे साक्ष देतो. मग पाळक त्याला कमरेइतक्या पाण्यात मागे झुकवून पुरता बुडवतात आणि उठवतात: ख्रिस्ताबरोबर पुरणं, ख्रिस्ताबरोबर उठणं. पाणी पाप धुतं असं ते मानत नाहीत. विश्वास आधीच झालेला असतो, पाण्यात त्याची उघड कबुली होते.

स्वतःचं ठरवण्याचं वय कोणतं, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अज्ञान म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तरी त्याला ज्ञातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना झगडावं लागलं.

आधी विश्वास, मग पाणी ही शिकवण हैदराबादेत घट्ट रुजवली ती बख्त सिंग यांनी. शीख घरात जन्मलेल्या या माणसानं १९२९ मध्ये कॅनडात ख्रिस्ताला स्वीकारलं, बाप्तिस्मा घेतला तो १९३२ मध्ये. १९५० पासून गोळकोंडा चौरस्त्यावरचं 'हेब्रोन' हे त्यांच्या कामाचं केंद्र झालं. अशा मंडळ्यांत आमच्यासारख्यांना पुन्हा बुडायला सांगतात. ते मला पटत नाही. माझ्या आईबापांनी माझ्यासाठी धरलेला विश्वास मी मोठेपणी, दृढीकरणाच्या वेळी, स्वतःच्या तोंडानं कबूल केला आहे.